वन्संनी सांगितलं तर

पाळी, डिचोली
२२ जुलै २०२४

कमळवन्सं यांस,

सुविधाचा नमस्कार. रागात असलात तरी नमस्कार तेवढा ठेवून घ्या, बाकीचं पत्र वाचून फाडलंत तरी चालेल.

तनया पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, आजकाल पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, जिच्या नणंदेने नंबर ब्लॉक केलाय ती लिहिते. विठू कंडक्टर तुमच्याच वाड्यावरचा आहे, डिचोलीहून रोज बस घेऊन पेडण्याला येतो. त्याच्या हाती हे देतेय.

आधी तुमच्या भावाची तब्येत सांगते. पावलं सुजली आहेत, चप्पल चढत नाही. पेज घेतली तरी ओकतात. लघवी अगदी थोडी होते. आडवं झालं की दम लागतो, म्हणून खुर्चीत बसून डोळे मिटतात. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, काही गावठी औषध, काढा, रस घेता का? हे म्हणाले, ‘‘ना.’’ वन्सं, तुमचा भाऊ सगळी नोकरी खाणीच्या वजनकाट्यावर बसला. ट्रकवाल्यांनी किती गोड बोलून पाहिलं तरी आकडा कधी इकडचा तिकडे केला नाही. तो माणूस डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून ‘ना’ म्हणाला, तुमचं नाव येऊ नये म्हणून. मी बाजूलाच उभी होते. मी सांगितलं, रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर, चांगला कोपभर, आंबट बिंबलांचा रस पितात. उन्हाळ्यापासून पितात.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे मी आधीही पाहिलंय. माशाच्या कढीत दोन-चार बिंबलं आपण सगळेच टाकतो, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण ढीगभर बिंबलं पिळून त्यांचा रस रोज रिकाम्या पोटी गेला की त्यातलं आम्ल मूत्रपिंडांत जाऊन साचतं. मग पुढे जे म्हणाले, त्यासाठी हे पत्र आहे. रस बंद करून लगेच डायलिसिस सुरू केलं तर मूत्रपिंडं परत चालू होऊ शकतात. कायमचं मशीन लागेलच असं नाही. पण वेळ घालवला तर मग काही हाती राहणार नाही.

हे तयार नाहीत. मी डॉक्टरांना सांगितलं त्या दिवसापासून माझ्याशी बोलतही नाहीत. पाणी हवं असलं तर पेल्यावर कुलेर वाजवतात. तनयाने फोनवर रडून पाहिलं, ओरडून पाहिलं. ह्यांचं एकच, ‘‘तायन सांगलें जाल्यार हॉस्पिटलांत वतां. ना जाल्यार ना.’’

आता तुमच्या रागाचं. त्या वॉर्डात दिपाली नर्स होती आणि तिचं माहेर तुमच्याच पालयेचं आहे, हे मला कुठून ठाऊक असणार? संध्याकाळच्या आत पेडण्यात झालं, कमळबायच्या रसाने भावाची किडनी गेली. तुम्ही फोन करून म्हणालात, ‘‘तुवें म्हजें नांव गांवभर केलें.’’ मी गावभर काही केलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, मी उत्तर दिलं. बायका आता तुमच्याकडे काढ्याला येत नाहीत असं विठू सांगतो. त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी तुमच्या औषधांची वैरीण नाही. तनया लहानपणी खोकून निळी पडायची, तेव्हा तुमच्या अडुळशाने ती झोपली. माझी कंबर तुमच्या डिंकाच्या लाडवांनी उभी राहिली. खाण बंद पडल्यावर हे नुसते बसून चहा आणि बिस्किटं खात होते, साखर वाढली, तेव्हा नाचणीची आंबील आणि सकाळचं चालणं तुम्ही लावून दिलंत. साखर उतरली. ह्यांनी चहा सोडला तेव्हा मी देवाला नारळ दिला होता. पण कोलेस्टेरॉलसाठी रस हा नवा उपाय तुमच्या आईचा नव्हे, आजीचाही नव्हे. तो तुम्हाला मोबाइलवर आला आणि तुम्ही ह्यांना सांगितलात. ह्यांनी तो तुमच्या तोंडचा म्हणून घेतला.

तुम्ही या. नाही आलात तर फोनवर सांगा. ‘जयराम, हॉस्पिटलात जा’, एवढंच. रसाचं नावही काढू नका, मी तुमच्याकडे कबुली मागत नाही.

तुमची,
सुविधा

---

पाळी
३१ जुलै

कमळवन्सं,

पिशवी पोचली. विठूने दारातून आत टाकली आणि बस सुटेल म्हणून पळाला. कुळीथ, उकडे तांदूळ, घेटुळीच्या भाजीची जुडी आणि बार्लीच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. चिठ्ठी शोधली, पिशवी उलटी करून झटकली. चिठ्ठी नव्हती. मग विठूला फोन लावला तेव्हा सुया टोचू नका हा तुमचा निरोप कळला, ‘‘म्हज्या भावाक सुयो टोंचुंक नाकात.’’

पिशवी बघून हे किती खूश झाले म्हणून सांगू! इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. ‘‘पळय, तायन धाडलां.’’ घेटुळी स्वतः निवडायला बसले. बोटं सुजलेली, पानं धरता येईनात, तरी मला हात लावू देईनात. मला रडू आलं आणि रागही आला.

डॉक्टरांनी पाणी मापून द्यायला सांगितलंय, कारण आत गेलेलं बाहेर येत नाही. हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी तुमची बाटली तोंडाला लावली. ताईने धाडलं ते आणि डॉक्टर म्हणतात ते, ह्यात ह्यांना विचार करावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी श्वास असा लागला की शेजारच्या गोकुळदासांना हाक मारून गाडीत घातलं. हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, थोडं पाणी उतरलं. डायलिसिसच्या कागदावर सही करा म्हटल्यावर ह्यांनी हात चादरीखाली घेतले. पुन्हा घरी आणलं.

बाटल्या पाठवताना तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. ताप आला, लघवीला जळजळलं की तुम्ही सगळ्यांना बार्लीचं पाणी देता आणि सगळे बरे होतात. पण हे सगळ्यांतलं नाही. वन्सं, तुमची आई गेली तेव्हा हे रांगत होते म्हणे. तुम्ही शाळा सोडलीत आणि ह्यांना कडेवर घेतलंत. काविळीत भरडधान्याची पेज भरवून तुम्ही ह्यांना परत आणलंत, ही गोष्ट मी लग्नाच्या पहिल्या महिन्यात ऐकली आणि अजून ऐकते. ह्यांना वाटतं, तुम्ही आहात तोवर ह्यांना काही होणार नाही. हा विश्वास तुम्हीच ह्यांना दिलात. तो मी कसा काढून घेऊ? माझ्याच्याने होत नाही.

मला तुमची पिशवी नको. तुम्ही हव्या आहात.

सुविधा

---

पाळी
१० ऑगस्ट

वन्सं,

दोष माझ्यावर घ्यायची तुमची अट विठूकडून कळली आणि काल नागपंचमीला मी ती पुरी केली. तुमच्या अंगणात वाड्यावरच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. मी त्यांच्यापुढे उभी राहून म्हटलं, वन्संनी चमचाभर, कुलेरभर रस सांगितला होता, मी बावळटासारखी कोपभर देत राहिले. दोष माझा आहे. त्यांच्या औषधात खोट नाही.

तुम्ही जनेलाच्या आत उभ्या होतात. पडदा हलला तो मी पाहिला.

कोपभर तुम्हीच सांगितला होतात. फोन स्पीकरवर होता, मी तांदूळ निवडत बसले होते. ते असो. एक बाई हसली, एकीने ‘अगो बाय’ म्हटलं, दिपालीची आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला त्याचं काही नाही. माझं नाव पालयेत बुडालं तर बुडालं, पाळीला मासे तेवढ्याच भावात मिळतील.

माझं मी केलं. आता तुमचं करा. तुम्ही बाहेर येऊन ‘चल, मी पण येते’ म्हणाल या आशेने मी शेवटची बस जाईपर्यंत पायरीवर बसले होते. शेवटी गोकुळदासांना गाडी घेऊन बोलावावं लागलं.

सु.

---

पाळी
१९ ऑगस्ट

कमळवन्सं,

आज राखीपौर्णिमा. तुमची राखी आली नाही म्हणून हे सकाळपासून दाराकडे बघताहेत. ती का आली नाही, तुम्हाला कळतं आणि मलाही कळतं. तरी जे झालं ते माझ्या तोंडून ऐका.

मंगळवारी मी ह्यांना खोटं सांगितलं. बाहेरून आत आले, फोन हातात होता, आणि म्हटलं, वन्संचा फोन होता. म्हणाल्या, जयरामाक सांग, हॉस्पिटलांत वच. ह्यांनी विचारलं, ‘‘तायन सांगलें? खरेंच?’’ मी हो म्हटलं. मग ह्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. सुजलेल्या हातांनी बटणं लावता येईनात तर मला लावू दिली. गाडीत बसताना गोकुळदासांना म्हणाले, तायचें मन वळलें. लग्नाला निघाल्यासारखे निघाले हो.

डायलिसिस झालं. एकदाच झालं. वन्सं, दुसऱ्या दिवशी माणूस बदलला. पेज प्यायले आणि ती पोटात राहिली. कित्येक दिवसांनी खाटेवर पाठ टेकून झोपले. मी मधेमधे उठून छाती वरखाली होते का बघत होते, आणि घोरण्याचा आवाज ऐकून मला हसू येत होतं. पूर्वी त्याच घोरण्यावरून मी किती भांडले आहे. तनयाला व्हिडिओ कॉल केला, तिला म्हणाले, चवथीला ये, गणपतीवरची माटोळी मी बांधणार. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा, आशा आहे. ‘आशा आहे’ हे डॉक्टरांचे शब्द आहेत, मी घातलेले नाहीत.

शुक्रवारी पुढच्या डायलिसिसला निघायच्या आधी ह्यांनी तुम्हाला फोन लावला. तुमचं ऐकलं हे तुम्हाला सांगायचं होतं. शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोरासारखे सांगत होते. तेव्हा तुम्ही साफ नाकारलंत, ‘‘हांवें खंय सांगलां तशें?’’

स्पीकरवर होतं. मी चपला घालून दारात उभी होते, हातात फाइल होती.

तुम्हाला फक्त ‘हंय’ म्हणायचं होतं. एक अक्षर. तेही नको, गप्प राहिला असतात तरी चाललं असतं. मला पुरती घाबरवलीत, शिक्षा केलीत, अंगणात उभी केलीत, सगळं मान्य. पण भाऊ बरा होत होता. त्याच्या आवाजातून तुम्हाला कळलं नाही का? तुम्ही नाडी न बघता नुसत्या आवाजावरून पोटातलं ओळखता, असं सगळं पेडणं म्हणतं.

हे ओरडले नाहीत. फोन ठेवला, शर्ट काढला, घडी घातली. म्हणाले, ‘‘तायच्या नांवान सुद्दां तूं फट मारतें?’’ होय, मी खोटं बोलले. परत वेळ आली तर परत बोलेन. पण आता माझं खोटं चालायचं नाही, ते तुम्ही संपवलंत.

सूज पुन्हा चढायला लागली आहे. मी तुमच्यावर इतकी रागावले आहे की पेन कागदात रुततंय, अक्षर लागत नसेल तर विठूकडून वाचून घ्या. आणि तरी तुम्हालाच लिहितेय, कारण दुसरं दार नाही. वन्सं, तुमचा भाऊ मरतोय. ह्यापेक्षा सरळ मला लिहिता येत नाही.

सुविधा

---

पाळी
२९ ऑगस्ट

कमळवन्सं,

काल विठू म्हणाला, कमळबाय आता जेवायला लागली, भाऊ हॉस्पिटलात जायला तयार झाला म्हणून वाड्यावर सगळ्यांना सांगते. म्हणून हे लिहावं लागतंय. तुम्हाला कळवू नये असं फार वाटलं. पण तुम्ही तिकडे समाधानात आणि मी इकडे, हे मला जमेना.

तुम्ही रविवारी आलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही. इतक्या वाळलात! पत्र वाचून आलात की दिपालीशी बोलून आलात, मी विचारलं नाही. दारात माझे हात धरलेत आणि ‘‘चुकलें गो’’ म्हणालात. त्या क्षणी माझा सगळा राग गेला. खरंच गेला, तो धरून ठेवायचं बळही नव्हतं. मग मला म्हणालात, तू आत जा, मी त्याच्याशी एकटी बोलते. मी रांधणीत जाऊन नळ सोडून ठेवला, कानावर काही येऊ नये म्हणून.

तुम्ही बाहेर आलात ते डोळे पुसत. ‘‘हंय म्हणलो. वतलो तो आतां. सगळें सांगलें हांवें ताका, रस म्हजोच म्हणून.’’ माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि बस गाठायला निघालात. मी फाटकापर्यंत आले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

आत आले. ह्यांच्या समोर इस्त्रीचा शर्ट ठेवला. म्हटलं, गोकुळदासांना हाक मारते, आजच जाऊ.

हे हसले. रागाचं हसणं असतं तर मला कळलं असतं, भांडता आलं असतं. हे मायेने हसले. म्हणाले, ‘‘कितले दीस लागले तिका शिकवंक?’’

मला समजेना. मग हळूहळू, मधे दम घेत, सगळं सांगितलं. पालयेत जाऊन मी कुलेरचं खोटं बोलले, ते ह्यांना कोणीतरी कळवलं होतं. फोनचं खोटं ह्यांनी स्वतः पकडलं होतं. आता मी तुमच्यामागे लागून, रडून-भेकून, तुमच्याकडून वदवून घेतलं, असं ह्यांचं म्हणणं. ‘‘म्हजी ताय केन्नाच फट उलोवंक ना. म्हज्याखातीर आज उलयली. चुकलें म्हणून म्हज्यामुखार रडली. तिका असो कोण रडयता?’’ तुमच्यासारखी मानी बाई भावापुढे खाली बघून बोलली, ह्याचंच ह्यांना दुःख झालं. तुमचं मन राखायला ह्यांनी ‘हंय’ म्हटलं. तुम्हाला ह्यांनी कधी नाही म्हटलंय?

मी पाया पडले. खरोखर, जमिनीवर बसून सुजलेल्या पावलांवर डोकं ठेवलं. तनयाची शपथ घातली. म्हटलं, वन्सं आपणहून आल्या हो, मी बोलावलं होतं पण बोलायला नाही शिकवलं. हे म्हणाले, ‘‘फोनाचेंय तुवें अशेंच खरें म्हणून सांगिल्लें.’’ आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. इतक्या दिवसांनी. माझ्यावरही ह्यांचा राग उरला नाही. आम्ही दोघी आपल्यावरच्या मायेने खोटं बोलतो, एवढंच ह्यांना वाटतं. त्या मायेखातर आम्हाला क्षमा करून टाकलीय.

तनया मंगळवारी आली. तिने डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टरांनी ह्यांना तासभर समजावलं. हे शुद्धीत आहेत, नको म्हणतात, सही करत नाहीत, तर जबरदस्तीने नेता येत नाही असं बाहेर येऊन ते म्हणाले. आणखी काही दिवसांनी शुद्ध जाईल तेव्हा नेता येईल. पण तेव्हा नेऊन मूत्रपिंडं परत येतील का, असं तनयाने विचारलं, तर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आज अंगाला खाज सुटलीय, त्वचा कोरडी पडलीय. खोबरेल तेल कोमट करून तुम्ही लावायच्या तसं मी लावते. मीठ बंद आहे, तर सकाळी पेजेबरोबर खारातली कैरी, तोर मागितली. मी देत नव्हते. मग दिली. अर्धी फोड चोखली आणि म्हणाले, तायच्या हातची लागते. ती माझ्याच हातची होती.

वन्सं, तुमच्याकडून मी जे मागत होते ते तुम्ही दिलंत. सगळं दिलंत, कबुलीसुद्धा, जी मी मागितली नव्हती. तुम्ही पुन्हा येऊन पुन्हा सांगितलंत तरी हे ‘हंय’ म्हणतील आणि तुम्ही गेल्यावर माझ्याकडे बघून हसतील. तुमच्याशिवाय ज्याचं ऐकतील असं माणूस मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं.

तरी या. जमलं तर उद्याच, विठूच्या सकाळच्या बसने. हॉस्पिटलाचं काही बोलू नका. नुसत्या जवळ बसा. तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी हे पोटभर जेवले होते.

सुविधा